'सगळ्या गोळ्या बंद' : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मनोविकाराची औषधं चालू असलेल्या गरोदर स्त्रियांची सरकारी दवाखान्यांत होणारी आबाळ.

महोदय,

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची रांग लागते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ पासून चालू आहे आणि त्याने खेड्यापाड्यांतल्या बायांचं भलं केलं आहे, हे मी आधीच सांगते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही सगळं बघितलं जातं. जोखीम दिसली की कार्डावर लाल स्टिकर लागतो. आमच्या भागात मात्र या रांगेत एक प्रश्न कोणी विचारत नाही : मनाच्या आजारासाठी काही औषध चालू आहे का? आणि एखादीने आपणहून सांगितलंच, तर तिला जे उत्तर मिळतं त्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले आहे.

गेल्या महिन्यात आमच्या शुभंकर गटात, म्हणजे मानसिक आजार असलेल्यांच्या घरच्यांच्या गटात, एक आई आपल्या लेकीचं कार्ड घेऊन आली. लेक गरोदर, तिसरा महिना. कार्डाच्या कोपऱ्यात निळ्या शाईने लिहिलं होतं, 'सगळ्या गोळ्या बंद'. खाली सही. कोणत्या गोळ्या, किती मिलिग्रॅम, कोणत्या आजारासाठी, बंद केल्यावर त्रास झाला तर कुठे जायचं, यातलं एक अक्षर नाही. हेच वाक्य काही वर्षांपूर्वी मी माझ्या धाकट्या बहिणीच्या केसपेपरवर वाचलं होतं. इतक्या वर्षांत त्यात काना-मात्रेचाही फरक पडलेला नाही, आणि हे मला मुकाट्याने सोसवत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आम्ही माणदेशातली माणसं. माझ्या बहिणीला कॉलेजात असताना स्किझोफ्रेनिया झाला. ओलान्झापिनच्या गोळीवर ती सावरली. रात्री जेवण झालं की एक गोळी, एवढीच तिची पथ्याची गोष्ट. शिवण शिकली, ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश अशी कामं घरी येऊ लागली. लग्न ठरलं तेव्हा आम्ही मुलाकडच्यांपुढे फाइल उघडून ठेवली. त्यांनी सगळं समजून घेऊन तिला सून करून नेलं. अशी घरं फार नसतात.

दिवस राहिल्यावर ती ग्रामीण रुग्णालयात नाव नोंदवायला गेली. काही औषधं चालू आहेत का, असं डॉक्टरांनी विचारल्यावर तिने विश्वासाने पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेल्या दहा गोळ्या. डॉक्टर म्हणाले, "या बाळाला घातक असतात, आजपासून बंद." तिच्या मनोविकारतज्ज्ञांचा नंबर फाइलच्या पहिल्या पानावर होता. तो कोणी फिरवला नाही. तिला तरी काय वाटणार? बाळाला घातक म्हटल्यावर कोणती आई गोळी गिळेल?

आधी झोप गेली. मग मशीन बंद पडलं, शिवायला आलेली कापडं तशीच गाठोड्यात राहिली. मग तिला भाताचा वास वेगळा यायला लागला. सासूबाई त्यात काहीतरी कालवतात, असं तिच्या मनाने घेतलं. ज्या बाईने तिला लेकीसारखं वागवलं, ती ताट वाढून समोर ठेवायची आणि माझी बहीण ते दारामागे सरकवून द्यायची. लोहाच्या गोळ्या थुंकून टाकायची. एएनएम ताई रक्तदाब बघायला घरी आल्या, तर तिने पट्टा दंडाला लावू दिला नाही. सातव्या महिन्यात एका रात्री ती घरातून निघून गेली आणि पहाटे एसटी स्टँडवर अनवाणी बसलेली सापडली.

मग दाखल करावं लागलं. तिथे तिला आवरायला जी इंजेक्शनं आणि ज्या गोळ्या द्याव्या लागल्या, त्या तिच्या रोजच्या एका गोळीपेक्षा कितीतरी जास्त होत्या. बाळाला औषध लागू नये म्हणून गोळी बंद केली होती. त्या बाळाच्या वाट्याला आधी आईची उपासमार आली, तिची जागरणं आली, आणि शेवटी औषधंही पूर्वीपेक्षा जास्तच आली. बाळ दिवस भरायच्या आत झालं, दोन किलोही भरलं नाही, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. केवळ गोळी बंद झाल्यामुळेच ते लवकर झालं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण कमी दिवसांच्या बाळंतपणाला कारणं अनेक असतात. पण पोटुशी बाई महिनोन्महिने उपाशी, बिनझोपेची आणि बिनतपासणीची राहिली, ते गोळी बंद झाल्यावरच राहिली. त्याआधी कित्येक वर्षं ती बरी होती.

महोदय, या औषधांत, म्हणजे ओलान्झापिनसारख्या अँटिसायकॉटिक (मनोविकृतीवरच्या) गोळ्यांत, काहीच धोका नाही, असं माझं म्हणणं नाही. धोका आहे, आणि तो गरोदर बाईला नेमका सांगितला पाहिजे. मी डॉक्टर नाही, पण या विषयात मिळेल ते वाचलं आहे आणि जाणकारांना विचारून ताडून बघितलं आहे.

सगळ्यांच्या मनात पहिली भीती व्यंगाची असते. कोणतंही औषध न घेणाऱ्या आयांनाही शंभरांत साधारण दोन-तीन बाळं जन्मजात व्यंग घेऊन होतात. अमेरिकेत मेडिकेड या सरकारी आरोग्यविमा योजनेतल्या १३ लाखांहून अधिक गरोदरपणांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या तिमाहीत ही औषधं न घेतलेल्या स्त्रियांत हजारी सुमारे ३३ बाळांत व्यंग आढळलं, ओलान्झापिन-क्वेटियापिनसारखी नव्या पिढीची औषधं घेतलेल्यांत सुमारे ४४, आणि हॅलोपेरिडॉलसारखी जुनी औषधं घेतलेल्यांत ३८. पण ही औषधं घेणाऱ्या स्त्रियांत इतर आजार, इतर औषधं, व्यसनं यांचं प्रमाणही जास्त असतं. त्यांचा हिशेब केल्यावर हा फरक जवळजवळ मिटला. रिस्पेरिडोनच्या बाबतीत थोडी वाढ तरीही उरली, म्हणून त्याकडे लक्ष ठेवावं, असं त्या अभ्यासाने सांगितलं. म्हणजे 'बाळाला घातक' हे शब्द या गोळ्यांना सरसकट लागू पडत नाहीत.

खरी काळजी घ्यायची ती दुसऱ्याच ठिकाणी. ओलान्झापिन आणि क्वेटियापिनने वजन वाढतं आणि गरोदरपणातला मधुमेह होण्याची शक्यता वाढते. ओलान्झापिन पुढे चालू ठेवणाऱ्यांत ही शक्यता, ते बंद करणाऱ्यांच्या तुलनेत, दीडपटीहून थोडी जास्त दिसली आहे. आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघायची सोय सरकारी तपासणीत आहेच. ओलान्झापिन घेणाऱ्या बाईची ती तपासणी चुकता कामा नये, एवढं एक वाक्य तिच्या कार्डावर लिहायला काय खर्च येतो? दुसरं, क्वेटियापिन आणि अ‍ॅरिपिप्राझोल यांचं रक्तातलं प्रमाण शेवटच्या तिमाहीत बरंच उतरतं. डोस तोच ठेवला तरी आजार डोकं वर काढू शकतो, म्हणून गरोदर बाईला मनोविकारतज्ज्ञांनी एरवीपेक्षा जास्त वेळा बघायला हवं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. ती गरोदर आहे म्हटल्यावर मनोविकार विभाग तिला प्रसूती विभागाकडे पाठवतो आणि प्रसूती विभाग मनोविकार विभागाकडे.

आणि तिसरी काळजी बाळाच्या पहिल्या काही दिवसांची. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, फेब्रुवारी २०११ मध्ये या गटातल्या सगळ्या औषधांच्या माहितीपत्रकात इशारा घालायला लावला. शेवटच्या तिमाहीत आई हे औषध घेत असेल, तर बाळाला कंप, अंग ताठ किंवा लुळं पडणं, चिडचिड, अति झोप, दूध ओढायला त्रास, श्वासाचा त्रास होऊ शकतो. काही बाळं काही तासांत किंवा दिवसांत आपोआप सावरतात, काहींना दाखल ठेवावं लागतं. यावर उपाय साधा आहे. बाळंतपण बालरोगतज्ज्ञ असलेल्या ठिकाणी करायचं, त्यांना आधी कळवायचं आणि बाळावर नीट लक्ष ठेवायचं.

हे न केल्यावर काय होतं तेही आम्ही पाहिलं. आमच्या गटातल्या एका मुलीचं औषध तिच्या डॉक्टरांनी योग्य विचार करून चालू ठेवलं होतं. पण सासरी तिचा आजार माहीत नव्हता. ती गोळ्या तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवायची. बाळंतपण भलत्याच दवाखान्यात झालं. बाळ पहिल्या दिवसापासून पेंगुळलेलं, छातीला लावलं की दोन घोट घेऊन सोडून द्यायचं, हनुवटी सारखी थरथरायची. जंतुसंसर्ग असेल म्हणून त्याच्या इवल्या हाताला सुई लागली, तपासण्या झाल्या, घरचे हवालदिल. तिसऱ्या दिवशी तिने सिस्टरांच्या कानात सांगितलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. बाळ पुढे छान सावरलं. पण ते तीन दिवस त्या मुलीने काय भोगलं असेल, याचा विचार करा. तोंड उघडावं तर संसार मोडेल, न उघडावं तर बाळाचं काय होईल, अशा कात्रीत ती अडकली होती. आणि तिची भीती खोटी नव्हती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आजही आहे.

आता दुसरी बाजू, जी केसपेपरवर कधीच लिहिली जात नाही : औषध बंद करण्याचा धोका. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर झालेल्या ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. औषध चालू असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला, आणि बंद करून नुसती साखरेची गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. त्या चाचण्या गरोदर स्त्रियांवरच्या नव्हत्या हे खरं. पण बायपोलर (उन्माद-नैराश्याच्या) आजाराच्या गरोदर स्त्रियांचा एक लहान अभ्यास २००७ मध्ये झाला आहे. ८९ जणीच होत्या, तरी चित्र स्पष्ट आहे. मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधं थांबवलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के गरोदरपणातच पुन्हा आजारी पडल्या, चालू ठेवलेल्यांपैकी ३७ टक्के. आणि ज्यांनी झटक्यात बंद केली त्यांची घसरण सर्वांत वेगाने झाली. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे तर बायपोलर असलेल्या बाईसाठी आयुष्यातले सर्वांत धोक्याचे. ब्रिटनमध्ये मातामृत्यूंची चौकशी वर्षानुवर्षं काटेकोरपणे होते, तिथे बाळंतपणानंतर सहा आठवडे ते एक वर्ष या काळातल्या, गरोदरपण-बाळंतपणाशी थेट जोडलेल्या मातामृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण आत्महत्या आहे.

माझ्या तक्रारी या सगळ्यातून आल्या आहेत.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ही की गोळी बंद करण्याचा निर्णय उभ्याउभ्या घेतला जातो, तोही ज्याने गोळी सुरू केली त्याला न विचारता. स्त्रीरोगतज्ज्ञांवर किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या मेडिकल ऑफिसरवर माझा राग नाही. ते एका सकाळी किती बाया तपासतात, ते मी बाकावर बसून पाहिलं आहे. उद्या बाळाला काही झालं तर नातेवाईक आपल्या अंगावर येतील, ही त्यांची भीतीही मला कळते. गोळी बंद केल्यावर बाई विहिरीत पडली तर मात्र त्याचा जाब कोणी विचारत नाही, ते 'वेडाच्या भरात' झालं म्हणून सोडून देतात. जोवर आपला विभाग लेखी मार्गदर्शन देत नाही, तोवर डॉक्टर स्वतःला वाचवणारा निर्णयच घेणार.

दुसरी तक्रार, सगळ्या 'डोक्याच्या गोळ्या' एकाच मापाने मोजल्या जातात. यात फार मोठा अनर्थ आहे. ज्या औषधाबद्दल खरोखर धोक्याची घंटा वाजवायला हवी ते सोडियम व्हॅल्प्रोएट. ते अँटिसायकॉटिक नाही. फिट्ससाठी आणि बायपोलर आजारासाठी देतात. गर्भारपणात ते घेतलं तर शंभरांत साधारण दहा बाळांना जन्मजात व्यंग होतं, त्यात मणक्याची व्यंगंही येतात, आणि तीस ते चाळीस मुलांच्या वाढीत, शिकण्या-बोलण्यात अडचणी येतात. ब्रिटनमध्ये २०१८ पासून मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रीला गर्भ न राहण्याची खात्रीशीर सोय केल्याशिवाय हे औषध देऊ नये, असा नियम आहे. आपल्याकडे लग्नाळू मुलींच्या चिठ्ठीवर ते बिनबोभाट लिहिलं जातं. बाळाची मज्जानलिका, जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतो ती, गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत मिटते. तोवर बाईला पाळी चुकल्याचं जेमतेम कळलेलं असतं. म्हणजे तिसऱ्या महिन्यात कार्डावर 'सगळ्या गोळ्या बंद' लिहिणाऱ्याने व्हॅल्प्रोएटचं जे नुकसान व्हायचं ते टाळलेलं नसतंच, आणि त्याच फटक्यात जी गोळी तिला सांभाळत होती तीही काढून घेतलेली असते.

म्हणून हे बोलणं दिवस राहण्याआधी व्हायला हवं, ही तिसरी तक्रार. मनोविकाराच्या ओपीडीत तरुण बाईला मूल हवं आहे का, कधी हवं आहे, हे विचारायची पद्धतच नाही. तिला मूल होणार हे जणू कोणाच्या मनातच येत नाही. रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून पाळी लांबते. पुढे औषध बदललं की पाळी सुरळीत होते आणि बाईला ध्यानीमनी नसताना दिवस राहतात. हे आधी सांगायला किती वेळ लागतो? आमच्या गटातल्या एकीला, केवळ गोळ्या चालू आहेत म्हणून, 'पाडूनच टाका' असं तोंडावर सांगण्यात आलं. दुसरा कोणताही दोष सोनोग्राफीत नव्हता. तिने ऐकलं नाही म्हणून तिची मुलगी आज आहे.

चौथी तक्रार आई आणि बाळाच्या ताटातुटीची. बाळंतपणानंतर माझ्या बहिणीला मनोविकार वॉर्डात हलवलं आणि बाळ माझ्या हातात दिलं. "इथे बाळ ठेवता येत नाही," एवढंच सांगितलं. दूध आटवायच्या गोळीची चिठ्ठी लगेच हातात आली. मनोविकृतीचा इतिहास असलेल्या बाईला ती गोळी फार जपून द्यावी लागते, कारण तिचं काम मेंदूतल्या डोपामिन या रसायनावर चालतं आणि आजार त्याने भडकू शकतो. हे मला नंतर कळलं. ओलान्झापिन दुधातून फार थोडं उतरतं आणि बाळाच्या झोपेवर, दूध पिण्यावर लक्ष ठेवून बहुतेक जणींना अंगावर पाजता येतं. क्लोझापिनवर मात्र पाजू नये म्हणतात. तर, कायदा काय सांगतो? मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे, त्याचं कलम २१(२) आणि २१(३) वाचा. तीन वर्षांखालील मुलाला आई दाखल असताना सहसा तिच्यापासून वेगळं करायचं नाही. बाळाला आईकडून धोका असेल किंवा बाळाच्या हितासाठी, सुरक्षिततेसाठी गरज असेल तरच, तेही तात्पुरतं, आणि त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करायचा. तीस दिवसांपुढे गेलं तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी लागते. माझ्या बहिणीच्या वेळी कायदा लागू झालेला होता. फेरविचार सोडाच, हे कलम त्या वॉर्डात कोणाला माहीत नव्हतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २००९ पासून आई आणि बाळ एकत्र ठेवणारा स्वतंत्र कक्ष आहे, अवघ्या पाच खाटांचा. केरळने 'अम्मा मनस्सु' या नावाने मातांच्या मानसिक आरोग्याचा कार्यक्रम जिल्ह्या-जिल्ह्यांत नेला. आपल्या राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. अशा कक्षासाठी जागा शोधायला नको, मनात आणायला हवं.

शेवटची तक्रार नोंदींची. गरोदर स्त्रियांवर अशा औषधांच्या चाचण्या सहसा होत नाहीत, होऊही नयेत. मग माहिती येते ती कुठून? ज्यांनी औषध घेतलं त्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवून. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने २००८ पासून या औषधांसाठी अशी नोंदवही चालवली आहे. आपल्या देशातही हे जमतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने फिट्स असलेल्या गरोदर स्त्रियांची नोंदवही १९९८ पासून ठेवली आहे. मी वर दिलेले आकडे परदेशातल्या बायांचे आहेत. आमच्याकडची बाई अंगात रक्त कमी असताना, मिश्री लावत, शेतात वाकून काम करत गरोदरपण काढते. तिच्यात आणि तिच्या बाळात ही औषधं कशी वागतात, हे तिच्याच नोंदींतून कळेल.

आता मागण्या. यातली एकही अशी नाही की जिच्यासाठी नवं रुग्णालय बांधावं लागेल.

१. मनोविकाराचं औषध चालू असलेल्या गरोदर स्त्रीचं औषध मनोविकारतज्ज्ञांशी किमान फोनवर बोलल्याशिवाय बंद करू नये, असं लेखी परिपत्रक प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयाला जावं. बोलणं कोणाशी झालं आणि काय ठरलं, हे केसपेपरवर लिहावं. तज्ज्ञ जवळ नसेल तिथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाचा नंबर ओपीडीच्या भिंतीवर लावावा.

२. पहिल्या नोंदणीच्या वेळी एएनएम आणि आशाताईंनी मानसिक आजाराचा आणि औषधांचा प्रश्न विचारावा, पण घरच्यांसमोर नाही, एकांतात. 'हो' म्हणणारीला जोखमीच्या मातांमध्ये धरावं. मात्र आजाराचं नाव कार्डावर उघड लिहू नये, सांकेतिक खूण पुरे. ते कार्ड सासरच्या कपाटात पडून असतं.

३. व्हॅल्प्रोएटबाबत वेगळी, ठळक सूचना काढावी. ती मनोविकारतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ, जनरल प्रॅक्टिशनर सगळ्यांना जावी, आणि औषध घेणाऱ्या प्रत्येक मुलीला मराठीत छापील कागद मिळावा. मेडिकलवाला पाकीट कापून देतो, आतलं माहितीपत्रक तिच्यापर्यंत पोचत नाही.

४. या स्त्रियांचं बाळंतपण नवजात शिशू कक्ष असलेल्या रुग्णालयात व्हावं, बालरोगतज्ज्ञांना आधी कळवावं, आणि बाळाला लगेच घरी न पाठवता त्याच्यावर लक्ष ठेवावं. बाळंतिणीला मनोविकारतज्ज्ञांनी पहिल्या आठवड्यातच बघावं.

५. चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत आणि निदान काही वैद्यकीय महाविद्यालयांत आई-बाळासाठी खाटा राखाव्यात. तोवर कलम २१(२) आणि २१(३) ची मराठी प्रत प्रत्येक मनोविकार वॉर्डात लावावी आणि किती मातांना बाळापासून वेगळं केलं, याची माहिती राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने दरवर्षी जाहीर करावी.

६. कलम १८ प्रमाणे अत्यावश्यक यादीतली मनोविकाराची औषधं सरकारी रुग्णालयांत मोफत आणि कायम मिळायला हवीत. गरोदर बाईला औषध नाही म्हणून परत पाठवलं, असं एकही उदाहरण होऊ देऊ नका.

७. राज्यातल्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे गरोदरपणातल्या मनोविकार औषधांची नोंदवही सोपवावी.

हे पत्र वाचणाऱ्या बहिणींना एक विनंती करते. यातलं वाचून कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका आणि सुरूही करू नका. प्रत्येकीचा आजार वेगळा, औषध वेगळं. आपल्या डॉक्टरांकडे जा आणि विचारा, हे औषध चालू ठेवलं तर मला आणि बाळाला काय होऊ शकतं, आणि बंद केलं तर काय? दोन्ही प्रश्न विचारा. जवळ कोणी नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, क्रमांकावर दिवसरात्र कधीही फुकट बोलता येतं, मराठीतही.

गटात कार्ड घेऊन आलेल्या त्या आईला आम्ही दुसऱ्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. मुलीची गोळी पुन्हा सुरू झाली आहे. साखर तपासली, पुढच्या तपासण्यांच्या तारखा ठरल्या, बाळंतपण कुठे करायचं तेही ठरलं. तिला गट होता म्हणून हे झालं. ज्या तालुक्यात गट नाही, तिथल्या मुलीचं काय, याचं उत्तर मला आपल्याकडून हवं आहे.

या पत्राच्या प्रती राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण आणि आमच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवत आहे. वर केलेल्या सातपैकी कोणत्या मागण्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का, हे आपल्या विभागाने लेखी कळवावं.

आपली,
एका शुभार्थीची (मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची) मोठी बहीण